सहावी ते आठवीचं विज्ञान-गणित आणि पुढचं इंजिनिअरिंग : पालकांचे नेहमीचे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आम्ही दोघं शिक्षक दर रविवारी सकाळी सहावी ते आठवीच्या मुलांचा वर्ग घेतो. जागा म्हणजे शाळेचा व्हरांडा. कापूस वेचणीच्या दिवसांत अर्धी मुलं शेतात असतात, बाकी वर्षभर वर्ग भरतो. पालकसभेत कोणी तोंड उघडत नाही. खरे प्रश्न येतात पानठेल्यावर, एसटीत, नाहीतर जळालेल्या विजेच्या डीपीभोवती उभं असताना. तीच उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून एकदाची लिहून ठेवली.

हे स्टेम-स्टेम म्हणतात ते काय आहे? शाळेत नवीन विषय आला का?

नवीन विषय नाही. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या चार विषयांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा तो शब्द. आपल्या राज्याच्या अभ्यासक्रमात सहावी ते आठवीला ‘सामान्य विज्ञान’ आणि ‘गणित’ अशी दोन पुस्तकं असतात, आणि बहुतेक शाळांत ती दोन वेगळ्या गावांसारखी शिकवली जातात. स्टेम म्हणणाऱ्यांचं म्हणणं एवढंच, की एखादी वस्तू हाताने बनवताना किंवा मोजताना हे सगळे विषय एकत्रच लागतात, तर शिकवताना वेगळे कशाला?

विदर्भाला ही कल्पना नवी वाटायचं काही कारण नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन यांच्या समितीने ‘नई तालीम’ची योजना मांडली, ती हस्तोद्योगातून शिक्षणाचीच. टकळीवर सूत कातता कातता लांबी मोजायची, वजन करायचं, हिशेब मांडायचा. आज टकळीच्या जागी वीज मोजायचा मल्टिमीटर आला, इतकाच फरक. पुण्याजवळच्या पाबळचा विज्ञान आश्रम डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये याच वाटेवर सुरू केला, आणि तिथून निघालेला ‘आयबीटी’ (मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख) हा विषय राज्यातल्या काही शाळांत आठवीपासून शिकवला जातो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे काम शिकण्याचे सांगितले आहेत. तुमच्या शाळेत ते होतात का, हे मुख्याध्यापकांना अवश्य विचारा.

सर, पोट्टा सहावीत हाय. आत्तापासूनच जेईईचं फाउंडेशन लावून देऊ का?

नका लावू.

जेईई ही इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा बारावीच्या वर्षात किंवा नंतर होते. राज्याच्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेत अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण २० टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमाला ८० टक्के वजन असतं. सहावीतल्या मुलाला त्यातला प्रश्न आज सोडवायला लावून हाती काही येत नाही. सातवीपर्यंत ‘फाउंडेशन’ केलेली मुलं आमच्याकडे आली आहेत. सूत्रं तोंडपाठ. पण तीन चतुर्थांश मोठं की पाच सप्तमांश, म्हटलं की खिडकीबाहेर बघतात.

अकरावीत मुलं आपटतात ती बहुतेक वेळा अवघड भौतिकशास्त्रामुळे नव्हे. ती आपटतात अपूर्णांक, गुणोत्तर, शेकडेवारी, ऋण संख्या, दशांश चिन्ह आणि एकक बदलण्यावर. हे सगळं सहावी-सातवी-आठवीचं आहे. यातलं गुणोत्तर तर इंजिनिअरिंगचा कणाच म्हणा. ते कोचिंगच्या पुस्तकापेक्षा मोजण्यातून जास्त पक्कं बसतं, म्हणून एक वर्ग कसा झाला ते सांगतो.

शेतातली ओली माती आणायला सांगितली होती. तराजूवर २०० ग्रॅम मोजली, जुन्या तव्यावर परतून परतून पूर्ण कोरडी केली, निववली आणि पुन्हा मोजली. १६० ग्रॅम भरली. म्हणजे ४० ग्रॅम पाणी. मग विचारलं, ओलावा किती टक्के? अर्ध्या वर्गाने २० म्हटलं, उरलेल्यांनी २५. पंधरा मिनिटं भांडण. २० वाल्यांनी ४० ला ओल्या मातीच्या २०० ने भागलं होतं, २५ वाल्यांनी कोरड्या मातीच्या १६० ने. दोघंही बरोबर. मातीचा अभ्यास करणारे कोरडं वजन धरतात, कापूस-सोयाबीनच्या खरेदीत ओल्या वजनावर टक्के काढतात. सीसीआय म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्रावर कापसाला ८ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की कपात होते आणि १२ च्या वर गेला की माल परत, हे मुलांना घरूनच माहीत होतं. पण ते टक्के कशाचे, हा प्रश्न कोणाच्या मनात आला नव्हता. त्या दिवशी एका मुलीने घरी जाऊन वडिलांना विचारलं, आणि पुढच्या रविवारी वडीलच वर्गाला आले.

‘टक्के कशाचे?’ हा प्रश्न ज्याला बाराव्या वर्षी पडला, त्याला जेईईचं फाउंडेशन वेगळं लावायची गरज नाही.

गणितात नापास होतो. त्याने इंजिनिअरिंगचा विचारच सोडायचा का?

सहावीत नापास होणं आणि गणित न जमणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आधी नेमकं कुठे अडतं ते शोधा. पन्नासातल्या चाळीस वेळा तरी भागाकारावर अडतं, आणि तो चौथीतला असतो. तीन महिने रोज वीस मिनिटं मागचंच करवून घ्या. लाज वाटेल, तर रात्री करा.

रोबोटिक्सचा किट घेऊन द्यावा का? शाळेत माणूस आला होता, सहा हजार म्हणाला.

इथे आमचा स्वतःचाच फजितीचा किस्सा आहे. चारेक वर्षांपूर्वी आम्हीही असाच एक चकचकीत डबा वर्गणी काढून आणला. आत सेन्सर, मोटारी, चाकं, जाडजूड इंग्रजी पुस्तिका. पहिल्या रविवारी पुस्तिकेबरहुकूम गाडी बनली, टाळ्या पडल्या. दुसऱ्या रविवारी तीच गाडी. तिसऱ्या रविवारी एक मोटार जळाली, सुटा भाग मिळेना, आणि विकणाऱ्याचा फोन लागेना. डबा अजून कपाटात आहे. गाडी आम्ही बनवली होती, पण ती का चालते हे आमच्यासकट कोणाला सांगता येत नव्हतं.

आता आम्ही सुट्टं सामान आणतो. यवतमाळ-अमरावतीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात एलईडी एक-दोन रुपयांना मिळतो, रेझिस्टर त्याहून स्वस्त, साधा मल्टिमीटर अडीच-तीनशेत. पहिल्या दिवशी मुलांना नऊ व्होल्टच्या बॅटरीवर थेट एलईडी लावू देतो. तो एकदम झगझगतो आणि मरतो. मग विचारायचं : का मेला?

हिशेब असा. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट पुरतात. बॅटरी ९ ची. उरलेल्या ७ व्होल्टचं ओझं कोणीतरी उचललं पाहिजे. ते काम रेझिस्टरचं. एलईडीतून १५ मिलिअँपिअर प्रवाह हवा, म्हणजे ०.०१५ अँपिअर. ७ भागिले ०.०१५, उत्तर जवळपास ४६७ ओहम. मुलं दुकानात ४६७ मागायला गेली आणि दुकानदार हसला, कारण तसा येतच नाही, ४७० येतो. मग ४७० लावला तर प्रवाह किती होईल, ते उलट करून बघा. आठवीतल्या पोरांनी ते केलं. वहीतलं उत्तर आणि दुकानातला माल यांची सांगड घालायची हीच तर इंजिनिअरची नोकरी आहे.

आर्डुइनोसारखा, प्रोग्राम करता येणारा बोर्ड घ्यायचा असेल तर हे सगळं जमल्यावर, आठवी-नववीत, तोही चार-पाच मुलांत मिळून एक.

आमच्याकडे लाईटचाच पत्ता नसतो. कोडिंग कसं शिकणार?

कॉम्प्युटरवर बसण्याआधी कोडिंगचा अर्धा भाग खडूने जमिनीवर होतो. विहिरीवरच्या मोटारीचं उदाहरण घ्या. पाणी संपलं तरी मोटार फिरत राहिली की जळते, आणि रिवाइंडिंगचा खर्च किती येतो हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. मुलांना सांगितलं, मोटार आपोआप चालू-बंद होईल अशा सूचना लिहा. त्यांनी फरशीवर लिहिलं : लाईट आली का? तिन्ही फेज आहेत का? विहिरीत पाणी आहे का? सगळ्याला हो, तर चालू. एकालाही नाही, तर बंद.

मागून सातवीतली एक जण म्हणाली, “सर, पाणी संपून मोटार बंद झाली. दोन मिनिटांत थोडं झिरपलं. मंग ते पुन्हा चालू, पुन्हा बंद, असंच करत राहीन न?” अगदी बरोबर. मग ‘बंद झाल्यावर अर्धा तास थांबा’ ही ओळ वाढली. कोणी म्हणालं थांबण्यापेक्षा पाणी अमुक हातांपर्यंत चढू द्या. त्यावरही वाद झाला. बाजारात मिळणाऱ्या स्टार्टरच्या पेटीत याच प्रकारच्या अटी घातलेल्या असतात.

पुढे स्क्रॅच ही मुलांनी कोडिंग शिकायची फुकट प्रणाली आहे. एकदा डाउनलोड केली की नेटशिवाय चालते. शाळेत एक चालू संगणक असला तरी पुरे. दोघांनी मिळून बसायचं, एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने करायचं.

शाळेत अटल लॅब आहे, पण कुलूपबंद असते. काय करायचं?

नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनखाली २०१६ पासून या प्रयोगशाळा शाळांना मिळू लागल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी त्या आहेत आणि एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान ठरलेलं. थ्री-डी प्रिंटरपासून स्क्रू-ड्रायव्हरपर्यंत सगळं त्यात येतं. कुलूप का लागतं, हे मी शिक्षक असल्यामुळे सांगू शकतो : वस्तू तुटली की साठा नोंदवहीत उत्तर द्यावं लागतं, म्हणून ती न वापरलेलीच बरी. यात शिक्षकाला शिव्या देऊन भागत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच बहुसंख्य असतात. समितीने ठराव करून द्यावा, की वापरताना तुटलेल्या वस्तूची जबाबदारी शिक्षकावर टाकली जाणार नाही आणि आठवड्याचे अमुक तास लॅब उघडी राहील. आमच्या ओळखीच्या एका शाळेत एवढ्यानेच कुलूप निघालं.

मराठी माध्यमात शिकून इंजिनिअर होता येतं का? सेमी घ्यायचं का?

होता येतं. जेईई मेन मराठीतूनही देता येते. सीईटीत भौतिक आणि रसायन मराठीतून मिळतं, गणिताचा पेपर मात्र इंग्रजीत असतो. पुण्याच्या एका महाविद्यालयात २०२१ पासून संगणक अभियांत्रिकीची पदवी मराठीतही सुरू झाली. पण बहुसंख्य ठिकाणी अकरावीपासून पुस्तकं इंग्रजीच, हे नाकारून चालणार नाही.

आमचं मत : शिक्षकाला स्वतःला इंग्रजीतून समजावता येत असेल तरच सेमी. नाहीतर मूल इंग्रजीही शिकत नाही आणि विज्ञानही नाही. मधला उपाय सोपा आहे. वहीच्या मागच्या पानावर मराठी संज्ञेसमोर इंग्रजी संज्ञा लिहीत जा. गुणोत्तर म्हणजे रेशो, घनता म्हणजे डेन्सिटी, त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन. रोज दोन. तीन वर्षांत हजाराच्या वर होतात.

दहावीनंतर वाटा कोणत्या? बारावी सायन्स हीच एक ना?

हाच आपल्याकडचा सगळ्यात महाग गैरसमज आहे. पोरगं हुशार असो-नसो, अकरावी सायन्सला टाकायचं, त्यासाठी नागपूरला किंवा अमरावतीला खोली करायची, क्लासची फी भरायला एक बैलजोडी विकायची. वाटा खरं तर तीन आहेत.

एक, आयटीआय. इलेक्ट्रिशियन, फिटर, वायरमन हे दोन वर्षांचे ट्रेड. हात चांगला बसतो, आणि नंतर थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो.

दोन, पॉलिटेक्निक म्हणजे डिप्लोमा. दहावीनंतर तीन वर्षं. प्रवेश परीक्षा नाही, दहावीच्या गुणांवर प्रवेश. तो झाला की इंजिनिअरिंगच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. म्हणजे अकरावी-बारावी आणि पदवीचं पहिलं वर्ष या तीन वर्षांच्या बदल्यात डिप्लोमाची तीन, हिशेब बरोबर बसतो, आणि मध्येच थांबावं लागलं तरी हातात नोकरीचा कागद असतो. शासकीय पॉलिटेक्निक नागपूर, अमरावती, यवतमाळ, आर्वी, वाशिम, खामगाव, मूर्तिजापूर, ब्रह्मपुरी, साकोली, गोंदिया, गडचिरोली अशा ठिकाणी आहेत. तुमच्या एसटीच्या टप्प्यात एखादं निघेलच. सहावी ते आठवीत हाताने काम केलेलं मूल इथे पहिल्या दिवसापासून चमकतं. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षाही देऊ द्या; इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या तासाला ज्याला पट्टी-कंपास धरता येतो, तो निम्मी लढाई जिंकलेला असतो.

तीन, अकरावी-बारावी सायन्स, मग सीईटी किंवा जेईई. नागपूरचं व्हीएनआयटी १९६० सालचं, तिथल्या निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांना. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ चं, चंद्रपूरचं १९९६ चं. नागपूरची एलआयटी १९४२ ची, रसायन-तंत्रज्ञानासाठी. शेगावचं कॉलेजही जुनं आहे.

कुठल्याही वाटेने गेलात तरी कागदांकडे आधी बघा. इंजिनिअरिंगच्या राखीव जागेला जात वैधता प्रमाणपत्र लागतं आणि ते हातात यायला महिने जातात. चांगले गुण मिळवून या एका कागदापायी रडणारे बाप मी पाहिले आहेत. अकरावी-बारावीतच अर्ज टाका.

या वयात द्यायच्या परीक्षा कोणत्या?

एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा चुकवू नका. आठवीत होते, शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीत ५५ टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातींना ५० चालतात). निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये खात्यात. क्लासची फी नव्हे, पण खोलीचं भाडं सुटतं. इन्स्पायर मानक या केंद्राच्या योजनेसाठी मुलाची कल्पना शाळेमार्फत पाठवायची, निवडल्यास ती साकारायला १०,००० रुपये. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीला असते. तिची पातळी अवघड आहे, तालुक्यातल्या मुलांनी एकदा अनुभव म्हणून द्यावी.

मुलगी आहे. एवढं शिकवून फायदा काय, असं घरातले म्हणतात.

फायद्याचीच भाषा करायची तर ऐका. पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत आहे. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार पूर्ण भरतं. एआयसीटीई या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती डिप्लोमा-पदवीच्या मुलींना वर्षाला ५०,००० रुपये देते. पैशाची अडचण मुलाच्या शिक्षणाला जास्त येईल, मुलीच्या नाही.

आणि ‘मेकॅनिकल मुलींचं काम नाही’ म्हणणाऱ्या मामांना आमच्या वर्गात पाठवा. पंख्याचं वाइंडिंग सगळ्यात स्वच्छ दोन मुलींचं असतं.

पण नोकऱ्या सगळ्या पुण्याला. गावात राहून याचा काय उपयोग?

पुण्याला जातील ते जावोत. पण इथेही आजूबाजूला बघा. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं, कोराडी आणि खापरखेडा नागपूरजवळ, वणी-चंद्रपूर पट्ट्यात कोळसा खाणी, तालुक्या-तालुक्यात जिनिंग. हंगामात जिनिंगची मशीन बंद पडली की फिटरसाठी शोधाशोध होते. सौर पंपांचं तर विचारू नका. सरकारी योजनेत शेतकऱ्याने १० टक्के भरले (अनुसूचित जाती-जमातींना ५) की ३, ५ किंवा साडेसात एचपीचा पंप मिळतो. पंप बसले भराभर. बिघडला की कंपनीचा माणूस यायला आठवडे. ज्याला मल्टिमीटर धरून पॅनलचं व्होल्टेज मोजता येतं आणि कंट्रोलरची तक्रार वाचता येते, तो आपल्या तालुक्यात उपाशी राहणार नाही.

आम्ही दोघं अडाणी. घरी काय करून घेणार?

तुम्हाला येतं ते मुलाला विचारू द्या. पाच एचपीची मोटार चार तास चालली तर किती युनिट? एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, तर पाचचे ३,७३०, चार तासांचे जवळपास १५ युनिट. प्रत्यक्षात थोडे जास्तच लागतात. का, ते मुलाला शोधू द्या.

सरळ भिंतीची बाटली कापून अंगणात पाऊस मोजा. एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४,०४७ लिटर पाणी. एका चांगल्या पावसात २५ मिलिमीटर पडला, तर एकरावर लाखभर लिटर उतरलं. २०० लिटरच्या पाचशे टाक्या! हे ऐकून आमच्या एका पोराने आपला धुरा (शेताचा बांध) मोजायला घेतला, पाणी जातं कुठे म्हणून.

फवारणीचं प्रमाण हेही गुणोत्तरच. लिटरला २ मिली, तर १५ लिटरच्या पंपाला किती? हा हिशेब मुलाकडून करून घ्या, पण रंगीत पाणी घेऊन. औषधाच्या डब्याला त्याचा हात लागता कामा नये. २०१७ चा यवतमाळ जिल्ह्यातला फवारणीच्या विषबाधेचा हंगाम आपण कोणीच विसरलेलो नाही.

सहलीला कुठे न्यावं?

नागपूरचं रमण विज्ञान केंद्र, तारांगणासकट. आणि लोणार. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, उल्का आदळून बेसॉल्ट खडकात पडलेलं विवर, आणि त्यात खारट, अल्कधर्मी पाणी. तळं अभयारण्यात येतं, तेव्हा पाणी भरून आणायला जाऊ नका. त्याऐवजी घरी हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवा आणि त्यावर धुण्याच्या सोड्याचं पाणी टाका. पिवळ्याचा लाल होतो. कुंकवाला लाल रंग कसा येतो, हे मुलं त्यावरून स्वतःच सांगतात.

रविवारी वर्गाला येताना काय आणायचं?

वही, पट्टी, पाण्याची बाटली आणि घरातलं एखादं बंद पडलेलं यंत्र. पंखा, मिक्सर, टॉर्च, रेडिओ, इस्त्री, काहीही. जुना टीव्ही नको, आत वीज साठून राहते. पंख्याचा कंडेन्सर आम्ही आधी उतरवून घेऊ, मगच मुलांच्या हातात. दुरुस्त होईलच याची हमी नाही, आणि उघडलेलं सगळं पुन्हा बसेल याचीही नाही, तेव्हा आजीला विचारूनच आणा.